मोबाइलशिवाय अर्धा तास: लहान मुलांसाठी घरच्या घरी खेळ कसे मांडायचे?

संध्याकाळचे सात वाजलेले असतात. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची असते, कणीक मळायची राहिलेली असते आणि अडीच वर्षांचं मूल पायाला मिठी मारून उभं असतं. अशा वेळी त्याच्या हातात मोबाइल जातो, तो कुणाला हौस असते म्हणून जात नाही. स्वयंपाक उरकायचा असतो आणि तापलेल्या तव्याजवळ मूल नको असतं.

मुलांच्या स्क्रीनबद्दलचे बहुतेक सल्ले इथेच फसतात. ‘मोबाइल देऊ नका’ एवढं सांगून ते थांबतात. त्या अर्ध्या तासात मुलानं काय करायचं, हे सांगत नाहीत. सांगितलंच तर एखाद्या रीलमध्ये सात रंगांत रंगवलेले तांदूळ, लाकडी ट्रे, छोटे चिमटे आणि शांत बसलेलं मूल दिसतं. ते पाहून घरी कुणी पाऊण तास खपून तसंच मांडतं. मूल चार मिनिटांत उठतं, तांदूळ दिवाणाखाली जातात आणि ‘आमच्या बाळाला खेळायला आवडतच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

मुलाला खेळायला आवडतं. चूक मांडणीत असते. घरात रोज टिकणारा खेळ कमी तयारीचा असतो, घरातल्याच वस्तूंचा असतो आणि जवळपास रोज तोच असतो. एक साधं माप लक्षात ठेवलं तरी पुरे: खेळ मांडायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा मूल त्यात जास्त वेळ रमलं पाहिजे. रंगीत तांदूळ या मापात बसत नाहीत. पालथ्या घातलेल्या सहा वाट्या बसतात.

किती स्क्रीन चालते?

जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानुसार एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. एक ते दोन वर्षांच्या मुलालाही स्क्रीनसमोर बसवणं योग्य नाही. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स’चा, सल्लाही याच धर्तीचा आहे. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, परगावच्या आजी-आजोबांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा अपवाद. आणि दोन ते पाच वर्षं या वयात दिवसाला एका तासाच्या आत.

या सूचनांतला एक भाग मात्र फारसा फिरत नाही. आरोग्य संघटनेच्या त्याच कागदात एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं अंगाची हालचाल करावी, असं म्हटलं आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी त्यातली किमान ६० मिनिटं चांगली धावपळीची असावीत. आणि कोणत्याही लहान मुलाला एका वेळी तासाभराहून जास्त बाबागाडीत, खुर्चीत अडकवून ठेवू नये. स्क्रीनचा एक तास सगळ्यांना पाठ असतो, हालचालीचे तीन तास क्वचित कुणाला. त्यामुळे मोबाइलऐवजी मुलाला चित्रं रंगवायला बसवलं की काम झालं, असं वाटू लागतं. बसून खेळायचे खेळ हा उत्तराचा अर्धाच भाग आहे.

पहिला आठवडा जड का जातो?

मोबाइलवरचं गाणं मुलाकडून काहीच मागत नाही. चित्र आपोआप हलतं, एक गाणं संपलं की दुसरं सुरू होतं. याउलट डबा आणि झाकण समोर ठेवलं तर काहीच घडत नाही; जे घडायचं ते मुलानं घडवायचं असतं. ज्या मुलाला रोज दोन तास पहिल्या गोष्टीची सवय आहे, त्याला दुसरी गोष्ट सुरुवातीला मिळमिळीत वाटणारच. ते रडेल, वस्तू फेकेल, मोबाइल ठेवलेल्या कपाटाकडे बोट दाखवत राहील. हे काही दिवस चालतं. या काळात रोज नवा खेळ आणण्याचा मोह टाळावा. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तीच परात दिसू लागली की मूल तिच्याकडे स्वतःहून जाऊ लागतं.

‘कंटाळा आला’ हे वाक्य ऐकून घाबरायचं कारण नाही. चार-पाच वर्षांच्या मुलानं तसं म्हटलं तर ‘हो का?’ म्हणून आपलं काम चालू ठेवावं. दहा-पंधरा मिनिटं कुणी काही सुचवलं नाही, की उशीची गाडी व्हायला लागते.

अपेक्षाही वयाला धरून हवी. दोन वर्षांचं मूल एका खेळात पाच-दहा मिनिटं रमलं तरी ते नेहमीचंच आहे. म्हणून अर्ध्या तासासाठी एक मोठा खेळ मांडण्यापेक्षा दोन-तीन लहान गोष्टी हाताशी असाव्यात आणि एक संपली की दुसरी पुढे करावी.

मागे चालू असलेला टीव्ही हाही यातला एक अडथळा आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन खोलीत मोठ्यांचा एक कार्यक्रम टीव्हीवर लावून ठेवला होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की मुलं टीव्हीकडे फारशी पाहत नव्हती, तरीही टीव्ही बंद असतानाच्या तुलनेत त्यांचा खेळ लवकर तुटत होता. आपल्याकडे संध्याकाळची ही वेळ आजीच्या मालिकेची असते. ती बंद करायला लावून घरात नवं भांडण उभं करण्यापेक्षा मुलाचा खेळ दुसऱ्या खोलीत किंवा ओट्यापाशी मांडणं बरं.

आधी परात काढा

घरात खेळ मांडताना सगळ्यात उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे मोठी परात. तिला काठ असतो, म्हणून पसारा काठाच्या आत राहतो आणि खेळ कुठवर आहे हे मुलालाही कळतं. परात नसेल तर घमेलं चालतं, पसरलेली जुनी चादर चालते. चादरीचा आणखी एक फायदा म्हणजे शेवटी चार कोपरे धरून सगळा पसारा एकदम उचलता येतो.

परातीची जागा ठरलेली असावी, मोठं माणूस जिथे काम करत असेल तिथून दिसणारी, पण गॅसपासून हाताच्या अंतराहून बरीच लांब. लहान मुलं दुसऱ्या खोलीत एकटी खेळत नाहीत. त्यांना घरातल्या माणसाच्या आसपास राहायचं असतं, म्हणूनच बेडरूममध्ये सजवलेला खेळण्यांचा कोपरा ओस पडतो आणि सगळी खेळणी स्वयंपाकघराच्या दारात येतात. खेळ तिथेच मांडावा.

वस्तू कमी ठेवाव्यात. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी आणि एकदा सोळा खेळणी देऊन त्यांचा खेळ पाहिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त निरनिराळ्या प्रकारे खेळली. वाढदिवसाला आलेली सगळी खेळणी एकाच टोपलीत कोंबून ठेवण्याचा तोटा यातून कळतो. अर्धी खेळणी खोक्यात घालून माळ्यावर टाकावीत आणि दर पंधरवड्याला अदलाबदल करावी. माळ्यावरून उतरलेली जुनी गाडीसुद्धा नव्यासारखीच भाव खाते.

खरं सामान स्वयंपाकघरात आहे

दीड वर्षाच्या मुलाला विकतचा प्लॅस्टिकचा किचन सेट आणि घरातले स्टीलचे डबे यातलं काय हवं असतं, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. डब्याला आवाज आहे, वजन आहे, झाकण लागताना होणारी घट्ट जाणीव आहे, आणि मुख्य म्हणजे तो मोठ्या माणसांचा आहे. इटलीत रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली पहिलं ‘बालगृह’ सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनीही हेच नोंदवलं होतं: खरं काम करायला मिळालं की मुलं दिलेली खेळणी बाजूला सारतात.

म्हणून खालचा एखादा कप्पा मुलाचा करून टाकावा. त्यात न फुटणारे पाच-सहा डबे, त्यांची झाकणं, पळी, ओगराळं, चाळणी, दोन वाट्या आणि लाकडी रवी एवढं पुरतं. एक ते दोन वर्षांचं मूल भरतं, ओततं, आपटतं, एकात एक घालतं. याच वयात चार लिंबं आणि दोन बटाटे परातीत ठेवून पाहावेत. लिंबू घरंगळतं, बटाटा नीट घरंगळत नाही. हा फरक समजून घ्यायला मूल बराच वेळ घेतं.

दोन वर्षांच्या पुढे परातीत रवा पसरावा. बोटानं रेघ ओढायची, हात फिरवून पुसायची, वाटीनं गोल उमटवायचा. मूठभर रवा वाया गेला तर जातो. रांगोळी मात्र वापरू नये. ती दगडाची बारीक पूड असते आणि खेळताना नाकातोंडात जाते. खास रांगोळीच काढायची असेल तर तांदळाचं पीठ घ्यावं.

तीन वर्षांच्या पुढे भाजी निवडणं हा फार चांगला खेळ आहे. मेथीची पानं खुडणं, मटार सोलणं, कोथिंबिरीच्या काड्या मोडणं, उकडलेल्या बटाट्याची सालं काढणं. अंगठा आणि पहिलं बोट यांची जी पकड पुढे पेन्सिल धरायला लागते, ती यात आपोआप तयार होत असते. मुलानं निवडलेल्या मेथीत काड्या राहतात आणि ती पुन्हा नजरेखालून घालावी लागते, पण ती त्याच्यासमोर घालू नये. त्या रात्री ‘मी केलेली भाजी’ म्हणून मेथी दोन घास जास्त जाते, हा वरचा लाभ. धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं, रुमालांच्या घड्या घालणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं हीसुद्धा याच जातीची कामं.

कणकेबद्दल थोडं सविस्तर. पोळ्या करताना मुलाला एक गोळा द्यायची पद्धत जुनीच आहे, आणि तिच्यात सुधारणा करायची गरज नाही. त्या गोळ्याच्या चिमण्या होतात, साप होतात, पोळ्या होतात. कणीक जास्त दिवस टिकवायची असेल तर दोन वाट्या मैद्यात एक वाटी मीठ आणि चमचाभर तेल घालून घट्ट मळावं. हळदीनं पिवळा, बिटाच्या रसानं गुलाबी रंग येतो. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलं तर हा गोळा काही दिवस पुन्हा पुन्हा वापरता येतो. एवढं मीठ पोटात जाणं लहान मुलाला धोक्याचं असतं. म्हणून जे मूल अजून सगळं तोंडात घालतं, त्याला पोळीचीच साधी कणीक द्यावी.

पाणी, खोकं आणि चादर

पाण्याइतकं मुलाला गुंतवणारं दुसरं काही नाही. गॅलरीत किंवा न्हाणीघरात परातीत तांब्याभर पाणी, एक स्पंज आणि दोन भांडी एवढ्यावर मूल बराच वेळ काढतं. स्पंजनं एका भांड्यातलं पाणी टिपून दुसऱ्यात पिळायचं. रंगाचा जुना ब्रश पाण्यात बुडवून गॅलरीची भिंत ‘रंगवायची’. उन्हात ती वाळते आणि पुन्हा रंगवता येते. ज्या गावात पाणी दिवसाआड येतं तिथे हे चैनीचं वाटेल, पण तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खेळायला चालतं आणि खेळून झाल्यावर कुंडीत जातं.

ऑनलाइन खरेदीची खोकी फेकू नयेत. मूल आत बसू शकेल एवढं खोकं मिळालं तर त्याची गाडी, दुकान, गुहा, घर असं काहीही होतं. काय होणार हे मोठ्यांनी ठरवू नये, फक्त धारदार पिना आणि चिकटपट्ट्या काढून टाकाव्यात. टेबलावर चादर टाकली की खालचं घर तयार होतं. त्या घरात बॅटरी आणि दोन पुस्तकं दिली, तर पावसाळ्यातली दुपार निघते.

नाटकी खेळ साधारण दोन-अडीच वर्षांपासून रंगात येतात. दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर, भातुकली हे तर आहेतच. एसटी-एसटी खेळायला तीन-चार खुर्च्या एकामागे एक लावायच्या, जुन्या कॅलेंडरचे तुकडे फाडून तिकिटं करायची. एक घंटा वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. कोणता थांबा आला हे कंडक्टर ठरवतो. आजोबांना अशा वेळी उतारू म्हणून बसता येतं आणि सुट्या पैशांवरून वादही घालता येतो. असे खेळ बोलण्याला, शब्दांना जेवढी चालना देतात तेवढी चित्रांची कार्डं पाठ करून मिळत नाही.

आणि अंगाचे खेळ. दोन खोल्यांच्या घरात धावायला जागा नसते, हे खरं. पण फरशीवर खडूनं किंवा कागदी चिकटपट्टीनं आखलेली नागमोडी रेघ म्हणजे रेल्वेचा रूळ होतो आणि त्यावरून तोल सांभाळत चालायचं असतं. उशा अंतरावर टाकून नदी ओलांडायची. वर्तमानपत्राचे बोळे करून बादलीत टाकायचे. बोळे करण्यातच अर्धी मजा असते. तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलाला लंगडी जमू लागते, घरातल्या टाइल्सचे चौकोन त्याला आयतेच मिळतात. खालच्या मजल्यावरच्या लोकांचा विचार करून हे खेळ संध्याकाळी आठच्या आत उरकावेत, हे ओघानं आलंच. एरवी दिवसातून एकदा तरी खाली अंगणात, सोसायटीच्या आवारात किंवा मैदानात नेण्याला घरातला कुठलाही खेळ पर्याय नाही.

कोसबाडच्या टेकडीवर

महागडं साहित्य नसेल तर बालशिक्षण होत नाही, हा समज महाराष्ट्रात फार पूर्वीच खोटा ठरला आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचं काम केलं होतं आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. पुढे १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. अनुताई वाघ (१९१०–१९९२) बोर्डीपासून त्यांच्याबरोबर होत्या.

माँटेसरीचं मूळ साहित्य आखीव लाकडी ठोकळ्यांचं, कारागिराकडून बनवून घ्यायचं आणि महाग. आदिवासी पाड्यांवर ते परवडणारं नव्हतं. तेव्हा आजूबाजूला मिळणाऱ्या बिया, शिंपले, खडे, पानं, फुलं हेच साहित्य झालं. मोजायचं त्यांनीच, लहान-मोठं लावायचं त्यांनीच, खरखरीत-गुळगुळीत ओळखायचंही त्यांनीच. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेली गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली.

हीच वाट पुढे विज्ञानाच्या खेळण्यांत दिसते. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेले अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून आकृत्या, जुन्या वर्तमानपत्रांपासून टोप्या, शीतपेयाच्या स्ट्रॉपासून पिपाणी अशी शेकडो खेळणी लोकांपर्यंत पोहोचवली. त्यांच्या संकेतस्थळावर ती मोफत पाहता येतात. यातली बरीच खेळणी पाच-सहा वर्षांच्या पुढची आहेत, पण कागदी टोप्या आणि होड्या तीन वर्षांच्या मुलालाही पुरतात. करायच्या मात्र मोठ्यांनी.

मोठ्यांनी काय करायचं?

बरंचसं काम न करण्याचं आहे. पहिली दोन-तीन मिनिटं शेजारी बसावं, आपणही दोन वाट्या भराव्यात आणि मग हळूच उठून आपल्या कामाला लागावं. मूल रमलेलं असताना ‘हा कुठला रंग?’, ‘किती झाले, मोज बरं’ अशी परीक्षा घेऊ नये. ते चुकीच्या झाकणाशी झटत असेल तर झटू द्यावं. त्यानं मदत मागितली तर करावी, तीही अर्धीच. त्याला वाटीची टोपी करायची असेल तर वाटीची टोपी होते.

आणि फोटो. मूल शांतपणे खेळतंय हे दिसताक्षणी मोबाइल काढून फोटो घ्यावासा वाटतो. ज्या वस्तूपासून त्याला अर्धा तास लांब ठेवायचं, तीच वस्तू आपण त्याच्या तोंडासमोर धरतो आणि खेळ तिथेच संपतो. मोठ्यांचा मोबाइलही त्या वेळेपुरता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला बरा.

घरात दोन मुलं असतील तर धाकट्याची मोडतोड हे रोजचं भांडण असतं. मोठ्याचा बारीक वस्तूंचा खेळ टेबलावर किंवा पलंगावर आणि धाकट्याचा जमिनीवर, एवढ्यानं ते बरंच कमी होतं. शिवाय बारीक वस्तू धाकट्याच्या तोंडापासून दूर राहतात.

इथे डोळ्यांत तेल घालून

तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या परातीत बारीक वस्तू नको. हरभरे, चिंचोके, मणी, बटणं, नाणी घशात अडकतात किंवा नाकात-कानात जातात. साधारण सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदीची वस्तू या वयाला धोक्याची समजावी. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे खाण्यासाठीही चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत. वाटीत मटकी-चवळी ओतण्याचे खेळ तीन वर्षांनंतरचे, तेही कुणीतरी समोर असताना. राजमा त्यातून वगळावा, तो कच्चा पोटात गेला तर बाधतो.

काही जुनी खेळायची सामग्री विषारी आहे. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर, पण तिची बी चावली गेली तर जीव धोक्यात येतो. एरंडाच्या बियांचंही तसंच. सागरगोट्यांच्या डब्यात आजीच्या काळातल्या गुंजा असतील तर त्या आधी बाजूला काढाव्यात. नव्या वस्तूंत दोन फार वाईट: रिमोट, खेळणी आणि वजनकाट्यातले चपटे गोल सेल, आणि पाण्यात टाकल्यावर फुगणारे जेलचे रंगीत मणी. सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतसुद्धा गंभीर भाजू शकतं; नुसता संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावं. मणी पोटात फुगून आतडं अडवतात. मऊ, बुळबुळीत काहीतरी हवंच असेल तर भिजवलेला साबुदाणा आहे.

पाण्याच्या खेळात मोठ्या माणसानं क्षणभरही उठू नये. फोन वाजला, दारावरची बेल वाजली तर मुलाला उचलून सोबत न्यावं. बादलीत तळाशी असलेलं इंच-दोन इंच पाणीही लहान मुलाचा जीव घेऊ शकतं, म्हणून खेळ संपला की भांडं लगेच रिकामं करायचं. फुगे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि लांब दोऱ्या परातीच्या आसपास नसाव्यात. स्वयंपाक चालू असताना पाण्याचा खेळ मांडू नये हे यावरून उघडच आहे. त्या वेळेला डबे-झाकणं, कणीक आणि मेथी.

जेवणाचं काय?

सगळ्यात अवघड सवय ही आहे. व्हिडिओ लावला की तोंड उघडतं, पाच मिनिटांत वाटी रिकामी होते. पण त्या मुलाला आपण काय खाल्लं, पोट भरलं की नाही, हे कळलेलं नसतं. जेवताना स्क्रीन नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. इथे खेळ मांडून उपयोग नाही; जेवण हाच उद्योग व्हावा लागतो. मुलाला सगळ्यांबरोबर बसवावं, त्याचं ताट वेगळं, त्यात थोडंथोडं वाढलेलं, आणि हात त्याचा स्वतःचा. भात जमिनीवर सांडतो, खाली वर्तमानपत्र पसरावं. सुरुवातीला ते कमी खातं, आणि घरातल्या मोठ्यांना तेच बघवत नाही. वजन नीट वाढत असेल आणि मूल खेळकर असेल तर थोडे दिवस कमी खाल्ल्यानं बिघडत नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावं, म्हणजे आजीचीही समजूत पटते.

खेळात न रमण्याचं कारण दर वेळी मोबाइलच असतं असंही नाही. दीड-दोन वर्षांचं मूल हाक मारल्यावर पाहत नसेल, हव्या त्या वस्तूकडे बोट दाखवत नसेल, खोटंखोटं खाणं-पाजणं करत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होते.

आवराआवर

परात उचलायच्या पाच मिनिटं आधी सांगावं, एकदम हिसकावू नये. दोन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. ‘अजून दोन वाट्या भर, मग ठेवून देऊ’ हे कळतं. वस्तू ठेवायचा डबा ठरलेला असला की ठेवणं हाही खेळच असतो, कारण त्यात पुन्हा भरणं आणि झाकण लावणं येतं. दोन वर्षांचं मूल चार वस्तू ठेवेल आणि बाकीच्या मोठ्यांना ठेवाव्या लागतील. चार वर्षांचं निम्म्याहून जास्त ठेवतं.

खेळायची मटकी-चवळी वेगळ्या बरणीत ठेवावी, पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. पावसाळ्यात तिला भुंगा लागतो. तसं दिसलं तर त्यातलं धडधाकट मूठभर निवडून मुलाकडूनच नारळाच्या करवंटीत माती घालून पेरून घ्यावं आणि करवंटी खिडकीत ठेवावी. दोन-चार दिवसांत मोड वर दिसू लागतात, आणि सकाळी उठल्यावर मूल आधी तिकडे धावतं.